गेन्सबरोचे 'चित्रकाराच्या मुली आणि मांजर' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या नॅशनल गॅलरीत थॉमस गेन्सबरो या इंग्लिश चित्रकाराचे एक अपूर्ण तैलचित्र आहे. त्यात त्याच्या दोन लहान मुली एकमेकींना बिलगून बसल्या आहेत आणि त्यांच्यापाशी एक मांजर आहे, जे चटकन डोळ्यांना दिसत नाही. अठराव्या शतकातील ब्रिटिश चित्रकलेत घरगुती जीवनाची चित्रे पुष्कळ आहेत. मात्र एखाद्या बापाने आपल्याच घरातला शांत क्षण इतक्या जवळून पाहिला आहे, असे या चित्राइतके क्वचितच जाणवते. या चित्राविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

चित्रात नेमके काय दाखवले आहे?

दोन मुली आहेत. एकीचा हात दुसरीभोवती आहे आणि दोघींची डोकी जवळजवळ एकमेकींना टेकलेली आहेत. दोन्ही चेहरे मन लावून, मऊ रंगछटांनी पूर्ण केलेले आहेत. चेहऱ्यांपासून खाली येऊ लागलो, की रंग विरळ होत जातो, कपडे मोकळ्या फटकाऱ्यांनी सुचवले जातात, आणि तळाशी तर काही ठिकाणी नुसत्या रेषाच उरतात. मागची जागा गडद तपकिरी आहे आणि तिथे नजर गुंतावी असे काहीही ठेवलेले नाही. ना खुर्ची, ना पडदा, ना खिडकी. त्यामुळे पाहणाऱ्याची नजर फिरून फिरून त्या दोन चेहऱ्यांवरच येऊन थांबते.

कॅनव्हास फार मोठा नाही. त्याची उंची ७५.६ सेंटिमीटर आणि रुंदी ६२.९ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ३० इंच बाय २५ इंच. त्या काळी इंग्लंडमध्ये छातीपर्यंतच्या व्यक्तिचित्रासाठी हे माप ठरलेलेच होते आणि अशा मापाचे ताणलेले कॅनव्हास तयार मिळत. एका माणसासाठी असलेल्या या चौकटीत गेन्सबरोने दोन मुली आणि वर एक मांजर बसवले. चित्रात जी जवळीक जाणवते, तिचे एक साधे कारण हेही आहे, की त्या दोघींना दूर बसायला जागाच ठेवलेली नाही.

या मुली कोण होत्या?

थोरली मेरी, जन्म १७५०. धाकटी मार्गारेट, जन्म १७५१. दोघींचा जन्म सफोक परगण्यातील सडबरी या गावचा. वडिलांचे गावही हेच. दोघींमध्ये अंतर दीड वर्षांच्या आसपास असल्याने त्या जवळजवळ जुळ्यांसारख्याच वाढल्या. वडील त्यांना पत्रांतून लाडाने 'मॉली' आणि 'कॅप्टन' म्हणत. कॅप्टन म्हणजे मार्गारेट. हे चित्र रंगवले जात असताना त्या साधारण नऊ-दहा वर्षांच्या होत्या.

मेरी आणि मार्गारेट ही नावे कुटुंबात वारंवार का येतात?

हा गोंधळ अभ्यासकांनाही सतावतो, म्हणून एकदा नीट सांगतो. चित्रकाराच्या आईचे नाव मेरी, एका बहिणीचे नाव मेरी आणि पत्नीचे नाव मार्गारेट. त्याच्या पहिल्या मुलीचे नावही मेरीच होते. ती तान्ही असतानाच वारली आणि मार्च १७४८ मध्ये तिचे दफन झाले. नंतर जन्मलेल्या मुलीला पुन्हा तेच नाव दिले गेले. वारलेल्या अपत्याचे नाव पुढच्या अपत्याला देण्याची रीत त्या काळी इंग्लंडमध्ये सर्रास होती.

याच गॅलरीत गेन्सबरोने १७४८ च्या सुमारास रंगवलेले आणखी एक लहानसे चित्र आहे. त्यात तो स्वतः, त्याची पत्नी आणि एक लहान मूल उघड्या निसर्गात बसले आहेत. ते मूल म्हणजे बहुधा ती पहिली मेरी असावी, असे मानले जाते. ज्याने एक मूल गमावले आहे त्या बापाने पुढच्या दोघींकडे किती निरखून पाहिले असेल, हे त्या चित्रानंतर या चित्राकडे वळल्यावर उमगते.

चित्र कधी आणि कुठे रंगवले गेले?

१७६० ते १७६१ च्या सुमारास. गेन्सबरो त्या वेळी तिशीच्या पहिल्या निम्म्यात होता. १७२७ मध्ये सडबरीतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. नऊ भावंडांत तो सर्वांत धाकटा. तेरा वर्षांचा असताना चित्रकला शिकायला लंडनला गेला आणि तिथे ग्राव्हलो या फ्रेंच चित्रकार व उत्कीर्णकाराच्या (धातूच्या पत्र्यावर चित्र कोरून छापणाऱ्याच्या) हाताखाली शिकला. पुढे सडबरीत आणि इप्सविचमध्ये त्याने स्थानिक जमीनदार, पाद्री, व्यापारी यांची व्यक्तिचित्रे रंगवून संसार चालवला. १७५९ मध्ये तो कुटुंबासह बाथ या शहरात आला.

बाथ हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे शहर. औषधोपचार हे निमित्त असले, तरी हंगामात तेथे येणाऱ्या श्रीमंतांचा बराचसा वेळ नाच, पत्ते, चहापान आणि लग्ने जुळवणे यांत जाई. अशा शहरात व्यक्तिचित्रकाराला गिऱ्हाइकांची वाण नसते, आणि गेन्सबरोलाही ती पडली नाही. बाथमध्ये त्याचे नाव झाले आणि दरही वाढले. म्हणून हे चित्र मला विशेष वाटते. दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे पैशांसाठी रंगवणारा माणूस ज्या काळात सर्वांत जास्त कामात बुडायला लागला होता, त्याच काळात त्याने हे रंगवले, आणि यासाठी त्याला कोणी एक गिनी, म्हणजे त्या काळचे सोन्याचे एक नाणेही, देणार नव्हते.

चित्रात घरच दिसत नाही, मग याला घरगुती जीवनाचे चित्र का म्हणायचे?

प्रश्न रास्त आहे. त्या काळच्या ब्रिटिश चित्रकलेत कुटुंबाची समूहचित्रे हा एक लोकप्रिय प्रकार होता. इंग्रजीत त्यांना 'कॉन्व्हर्सेशन पीस' म्हणत. मराठीत संवादचित्र म्हणता येईल. अशा चित्रांत दिवाणखाना असतो, गालिचा असतो, चिनी मातीचे चहाचे पेले असतात आणि घरातली माणसे आपापल्या मानाच्या जागी बसलेली असतात. आर्थर डेव्हिस, योहान झोफानी या चित्रकारांनी अशी पुष्कळ चित्रे केली. त्यांतून घराची ऐपत कळते, शिस्त कळते, कपड्यांचा पोत कळतो. पण माणसे एकमेकांशी कशी वागतात हे बऱ्याचदा कळत नाही, कारण ती चित्रासाठी सावरून बसलेली असतात.

गेन्सबरोने यातले सामान सगळे काढून टाकले आणि घरात जे रोज घडते तेवढेच ठेवले. दोन बहिणी एकमेकींच्या अंगावर रेलून बसतात, एक दुसरीला कवेत घेते, आणि मांजराची खोडी काढतात. पाहुण्यांसमोर मुली अशा बसत नाहीत. ज्याच्यासमोर अवघडल्यासारखे वाटत नाही, अशाच माणसासमोर त्या अशा बसतात. घरगुतीपणा आहे तो या बसण्यात, आणि माझ्या मते चहाच्या पेल्यांपेक्षा तो पुरावा जास्त भरवशाचा आहे.

मांजर कुठे आहे? मला तर दिसत नाही.

चित्राच्या खालच्या भागात, मुलींच्या हातांपाशी पाहा. तिथे रंगाचा पूर्ण थर दिलेलाच नाही. अस्तरावर, म्हणजे कॅनव्हासला आधी दिलेल्या तळाच्या थरावर, काढलेल्या बारीक रेषांतून मांजराचे डोके आणि अंग उमटते. एकदा दिसले, की मग ते नाहीसे होत नाही. छापील पुस्तकांतल्या लहान चित्रांत या रेषा बहुधा हरवतात, त्यामुळे चित्राचे नाव वाचून वाचक बुचकळ्यात पडतो. गॅलरीच्या संकेतस्थळावरील मोठे छायाचित्र वाढवून पाहिल्यास मांजर नीट सापडते.

हे मांजर खूश नाही. त्याची शेपटी ओढली जात आहे आणि ते फिस्कारण्याच्या बेतात आहे. एवढ्या शांत चेहऱ्यांच्या खाली एवढी खट्याळ गोष्ट चालली आहे, हे ध्यानात आले की सबंध चित्राचा सूर किंचित बदलतो. चेहरे निरागस आहेतच. तरी त्या निरागसतेत लहान मुलांना असतो तो व्रात्यपणाही मिसळलेला आहे, आणि त्यामुळे चित्र गोडमिट्ट होण्यापासून वाचले आहे.

मांजराची शेपटी ओढणे यातून काही उपदेश करायचा होता का?

अठराव्या शतकातील इंग्लिश चित्रांत मांजर क्वचितच निव्वळ मांजर म्हणून येते. विल्यम हॉगार्थच्या 'ग्रॅहम कुटुंबातील मुले' या १७४२ च्या मोठ्या चित्रात एक मांजर खुर्चीवर चढून पिंजऱ्यातल्या पक्ष्याकडे अधाशी डोळ्यांनी पाहत आहे, आणि समोर हसऱ्या मुलांमध्ये बसलेले तान्हे बाळ चित्र पूर्ण होईपर्यंत वारलेलेही होते. तिथे मांजर म्हणजे दबा धरून बसलेला काळच. त्याच हॉगार्थने १७५१ मध्ये क्रौर्याच्या चार अवस्था दाखवणारी मुद्रित चित्रे काढली. त्यांतल्या पहिल्या चित्रात रस्त्यावरची पोरे कुत्र्या-मांजरांचे हाल करताना दिसतात, आणि हीच पोरे पुढे माणसांशी तसेच वागतील असा इशारा त्यात आहे. मुलांनी प्राण्यांना छळू नये, तिथूनच निर्दयपणाला सुरुवात होते, असे जॉन लॉक या तत्त्वज्ञानेही १६९३ च्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात बजावले होते. तेव्हा सुशिक्षित इंग्लिश प्रेक्षकाला ओढलेली शेपटी पाहून हे सर्व आठवणे अशक्य नव्हते.

तरीही या चित्रात उपदेश शोधणे मला पटत नाही. उपदेश करायचा, तर मांजर ठळक रंगवावे लागते, त्याचा राग लांबूनही दिसावा लागतो, मुलींच्या चेहऱ्यांवर तरी त्या कृत्याची काही खूण उमटवावी लागते. गेन्सबरोने यातले काहीच केलेले नाही. हॉगार्थ जे सांगायला चित्र काढत असे, त्याची गेन्सबरोला घरात गरज नव्हती. मांजर मुलींच्या हातांत होते, म्हणून ते चित्रात आले.

चित्र अपूर्ण का राहिले?

विकत घेणारे गिऱ्हाईक असते तर चित्र पूर्ण करावेच लागले असते: कपड्यांची चमक, लेस, हात, पार्श्वभूमी, सगळे. या चित्राला वाट पाहणारे कोणी नव्हते आणि ठरलेली तारीखही नव्हती. गेन्सबरोची कामाची रीतही अशी, की तो आधी डोक्याची जागा धरे, चेहरा उभा करी आणि मग बाकीचे त्याच्याशी जुळवत जाई. त्यामुळे अशा चित्रात काम कोणत्याही टप्प्यावर थांबले, तरी चेहरा हाती लागलेला असतो. मुलींची इतरही काही चित्रे त्याने अशीच अर्ध्यावर सोडली आहेत.

मला स्वतःला वाटते, की थांबला ते बरे झाले. कपडे पूर्ण रंगवले असते तर नजर तिकडे वाटली गेली असती. आता मात्र चित्र पाहताना बापाची नजर कुठे कुठे गेली, किती वेळ थांबली आणि कुठून निघून गेली, हे रंगाच्या जाडीवरून वाचता येते. चेहऱ्यांवर ती सर्वांत जास्त वेळ थांबली आहे.

अपूर्ण चित्राला एवढे महत्त्व देणे ही आजची फॅशन नव्हे का?

नाही. गेन्सबरोच्या काळातही हा प्रश्न चर्चेत होता आणि त्याचे सर्वांत चांगले उत्तर त्याच्या प्रतिस्पर्ध्यानेच दिले. सर जोशुआ रेनॉल्ड्स हे रॉयल अकादमी या लंडनमधील चित्रकारांच्या संस्थेचे अध्यक्ष. गेन्सबरो या अकादमीच्या १७६८ मधील संस्थापक सदस्यांपैकी असला, तरी अकादमीशी त्याचे वारंवार खटके उडत आणि रेनॉल्ड्सशीही त्याचे कधी फारसे जमले नाही. २ ऑगस्ट १७८८ रोजी गेन्सबरो वारला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेनॉल्ड्स यांनी अकादमीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान सबंध गेन्सबरोवर होते.

त्यात ते म्हणाले, की गेन्सबरोच्या चित्रांतले ते विचित्र ओरखडे आणि खुणा जवळून पाहिल्यास निव्वळ गोंधळ वाटतात, पण ठरावीक अंतरावर गेले की जादू झाल्यासारखा त्यांना आकार येतो. पुढे त्यांनी आणखी मोलाची गोष्ट सांगितली. त्याच्या व्यक्तिचित्रांत साम्य इतके हुबेहूब वाटते, त्यामागे हे अपुरेपणही असावे. चित्रकार ढोबळ सूचना देतो आणि उरलेले पाहणारा आपल्या मनातून भरतो, कदाचित चित्रकाराला साधले नसते इतके चांगले भरतो. रेनॉल्ड्स हे सावधपणे म्हणत होते, विद्यार्थ्यांनी याचे अनुकरण करू नये असा त्यांचा रोख होता. तरी त्यांचे हे निरीक्षण मांजराच्या त्या चार रेषांना तंतोतंत लागू पडते.

रंगवण्याची त्याची पद्धत वेगळी होती का?

होती. तो रंग पुष्कळ पातळ करून वापरी, इतका की समकालीनांना तो वाहून जाईल असे वाटे. तेलरंगाचे असे पातळ थर एकावर एक दिल्याने खालचा थर वरच्यातून झिरपल्यासारखा दिसतो आणि त्वचेला जिवंत, ओलसर झाक येते. काम करताना तो खोलीतला उजेड कमी करी आणि बऱ्याचदा मेणबत्तीच्या प्रकाशातही रंगवी. मंद उजेडात बारीकसारीक तपशील गळून जातो आणि उजेड-सावलीची मुख्य वाटणी तेवढी उरते. चित्राचा पाया त्याला तिथून हवा असे. त्याच्या हातातले कुंचले लांब दांड्यांचे असत, म्हणजे मॉडेल आणि कॅनव्हास दोन्ही सारख्याच अंतरावरून पाहता येत.

आणखी एक बाब सांगण्यासारखी आहे. लंडनचे कित्येक व्यावसायिक चित्रकार चेहरा स्वतः रंगवून कपड्यांचे काम पगारी कारागिराकडे पाठवत. गेन्सबरो सबंध चित्र स्वतःच्या हाताने करी. या चित्रातले अर्धवट कपडेही त्यामुळे त्याच्याच हाताचे आहेत.

फुलपाखरू पकडणाऱ्या मुलींचे चित्र तेच का?

नाही, ते वेगळे. ते चार-पाच वर्षे आधीचे, १७५६ च्या सुमाराचे, इप्सविचमधले. मुली तेव्हा सहा आणि पाच वर्षांच्या होत्या. त्यात धाकटी मार्गारेट काटेरी झुडपावर बसलेल्या पांढऱ्या फुलपाखराकडे हात पुढे करून झेपावते आहे, आणि थोरली मेरी तिचा हात धरून किंचित मागे रेंगाळते आहे. काटा बोचेल हे थोरलीला कळते, धाकटीला कळत नाही. तेही अपूर्णच आहे आणि आकाराने बरेच मोठे, ११३.५ बाय १०५ सेंटिमीटर. हेन्री व्हॉन या संग्राहकाच्या मृत्युपत्रानुसार १९०० मध्ये ते नॅशनल गॅलरीकडे आले. जॉन कॉन्स्टेबलचे 'द हे वेन' हे प्रसिद्ध निसर्गचित्रही याच गृहस्थाने आधी गॅलरीला भेट दिले होते. मांजराचे चित्र मात्र गॅलरीने १९२३ मध्ये विकत घेतले.

दोन्ही चित्रे लागोपाठ पाहावीत. पहिल्यात मुली धावत आहेत आणि त्यांचे हात एकमेकींत गुंतलेले आहेत. दुसऱ्यात त्या स्थिर आहेत, पण हातांचा गुंता तसाच आहे.

मुलींची आणखी चित्रे आहेत का?

आहेत. आज त्यांची एकूण बारा चित्रे ज्ञात आहेत, काही दोघींची मिळून आणि काही एकेकीची. २०१८ च्या अखेरीस लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत गेन्सबरोच्या कौटुंबिक चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा ही बाराही चित्रे प्रथमच एकत्र मांडली गेली. त्यांतली एक जोडी लक्षात राहते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये साधारण १७५८ चे एक चित्र आहे, ज्यात एका बहिणीचा हात दुसरीच्या केसांपाशी आहे. मधल्या काळात हा कॅनव्हास कापून दोन तुकडे केले गेले होते, ते पुढे पुन्हा जोडण्यात आले. अमेरिकेतील वूस्टर आर्ट म्युझियममध्ये १७६० च्या दशकातले दुसरे चित्र आहे. त्यात मुली मोठ्या झाल्या आहेत आणि त्यांच्यापाशी रेखांकनाचे साहित्य आहे.

मुलींना त्याने चित्रकला शिकवली का?

शिकवली, आणि शोभेचा छंद म्हणून नव्हे. १७६४ मध्ये जेम्स अनविन या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की दोघींना निसर्गचित्रे रंगवायला शिकवण्याचा त्याचा बेत आहे, तेही हातपंख्यांवर काढतात त्या हलक्या दर्जाच्या नक्षीपेक्षा वरचे. वेळ आली तर आपल्या हाताच्या कामावर त्यांना पोट भरता यावे, हा त्यामागचा हेतू. मुलींना नटवून, मिरवून, चांगल्या स्थळाच्या आशेवर ठेवणे त्याला नको होते. १७६० च्या दशकातील बाथमध्ये, जिथे मुलींचे संगोपन बहुतांशी लग्नाच्या बाजाराकडे डोळे लावून होई, तिथे एका बापाने असे लिहावे याचे मला आजही कौतुक वाटते. वूस्टरच्या चित्रातले ते रेखांकनाचे साहित्य या बेताचीच खूण आहे.

बेत तडीस गेला नाही. दोघींपैकी कोणीही व्यावसायिक चित्रकार झाली नाही.

त्यांच्या आईचे चित्र आहे का? ती या चित्रात का नाही?

आई मार्गारेट बर. १७४६ मध्ये लग्न झाले तेव्हा गेन्सबरो एकोणीस वर्षांचा होता. ती एका ड्यूकची अनौरस मुलगी, आणि त्या घराण्याकडून तिला वर्षाला २०० पौंड मिळत. धडपडत्या तरुण चित्रकाराच्या संसाराला या पैशाचा मोठा आधार होता. पुढेही घरातले पैशांचे व्यवहार तीच कडकपणे पाही. १७७८ च्या सुमाराचे तिचे एक उत्तम व्यक्तिचित्र लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे. त्यात ती प्रौढ, गंभीर आणि नवऱ्याला पुरती ओळखून असलेली दिसते.

या घरात भांडणेही होत. नवरा-बायकोचे बिनसले, की गेन्सबरो समेटाची चिठ्ठी आपल्या फॉक्स या कुत्र्याच्या तोंडी देऊन बायकोच्या ट्रिस्ट्राम या कुत्र्याकडे पाठवी, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती सांगितली पाहिजे. मात्र या दोन कुत्र्यांचे चित्र खरोखरच आहे आणि ते टेट संग्रहालयात पाहायला मिळते.

पुढे या मुलींचे काय झाले?

सुखाचे झाले नाही. १७७१ मध्ये, एकविसाव्या वर्षी, मेरीला मानसिक आजाराचा पहिला मोठा झटका आला. १७७४ मध्ये कुटुंब लंडनला गेले आणि पॉल मॉल या प्रतिष्ठित रस्त्यावरील शॉम्बर्ग हाउसमध्ये राहू लागले. तिथे घरी संगीतकारांची ये-जा असे, कारण गेन्सबरोला संगीताचे वेड होते आणि तो स्वतः व्हिओला दा गांबा हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य वाजवी. त्यांपैकी योहान क्रिस्टियान फिशर या जर्मन ओबोवादकाशी (ओबो हे फुंकून वाजवायचे वाद्य) मेरीने १७८० मध्ये लग्न केले. बापाने संमती दिली ती नाइलाजाने. फिशरच्या सचोटीविषयी शंका नाही, पण त्याचा लहरी स्वभाव मेरीला सोसावा लागेल, अशा अर्थाचे त्याने आपल्या बहिणीला लिहिले. काही महिन्यांतच लग्न मोडले आणि मेरी माहेरी परतली.

मार्गारेटने लग्न केले नाही. वडिलांनंतर आणि १७९८ मध्ये आई गेल्यानंतर तिने बहिणीला सांभाळले. मेरीचा आजार वाढत गेला होता. मार्गारेट १८२० मध्ये वारली, मेरी १८२६ मध्ये. दोघींनाही मूल नव्हते.

हे समजल्यावर चित्र वेगळे दिसते. तसे पाहणे योग्य आहे का?

वेगळे दिसणारच, ते टाळता येत नाही. कित्येक लेखांत या चित्रातल्या मेरीच्या नजरेत पुढच्या आजाराची छाया पाहिली जाते आणि एकमेकींना धरून बसलेल्या मुलींत पुढच्या परवडीची पूर्वसूचना वाचली जाते. मला हे अन्यायाचे वाटते, मुलींवरही आणि चित्रावरही. १७६० मध्ये दहा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर १७७१ चा आजार असू शकत नाही. बापालाही तो ठाऊक नव्हता. त्याच्यासमोर होत्या त्या दोन निरोगी, हट्टी, एकमेकींवाचून न करमणाऱ्या मुली आणि त्यांच्या हातून निसटायला बघणारे मांजर.

एक गोष्ट मात्र चित्रात आहे आणि ती पुढेही खरी ठरली, ती म्हणजे एकमेकींना धरून बसणे. लहानपणी बापाने दोघींना ज्या जवळिकीत पाहिले, त्याच जवळिकीत त्यांचा जन्म गेला. यात भाकीत काही नाही. गेन्सबरोने त्यांची ती सवय नेमकी टिपली, एवढेच.

चित्रकाराच्या नावाचा उच्चार कसा करावा?

'गेन्सबरो' किंवा 'गेन्झबरो'. शेवटचा भाग हलका उच्चारतात. मराठीत 'गेन्सबरो' रुळले आहे, ते चालेल.

चित्र प्रत्यक्ष कुठे पाहता येईल? त्याचे छायाचित्र वापरता येते का?

लंडनच्या ट्रफाल्गर स्क्वेअरमधील नॅशनल गॅलरीत. कायमस्वरूपी संग्रह पाहायला तिकीट लागत नाही. मात्र चित्रे दालनांतून हलवली जातात आणि कधी अन्य संग्रहालयांना उसनी दिली जातात, म्हणून खास यासाठी जाणार असाल, तर ते सध्या कोणत्या दालनात आहे हे गॅलरीच्या संकेतस्थळावर आधी पाहावे. मूळ चित्र इतके जुने आहे की त्यावर कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही, पण गॅलरीने काढलेले छायाचित्र छापायचे असेल तर तिच्या अटी वाचून घ्याव्यात.

प्रत्यक्ष गेलात, तर आधी चार-पाच पावले मागे उभे राहावे, म्हणजे चेहरे आणि कवेत घेणारा हात दिसेल. मग हळूहळू पुढे यावे. कपडे विरघळून फटकारे होतील, आणि चौकटीजवळ पोहोचाल तेव्हा खालच्या तपकिरी अस्तरातून मांजराचे डोके वर येईल.